काटा हलला नव्हता

गेली सत्तावीस वर्षे मी एकच वाक्य ऐकत आलो आहे. रस्त्याच्या कडेला ट्रेलर आडवा पडलेला असतो, चालक शेजारी उभा असतो, कुणी कपाळाला रुमाल दाबून, कुणी चहाचा कागदी पेला हातात धरून, आणि मी वही उघडण्याच्या आतच तो म्हणतो, "साहेब, काटा हलला नव्हता."

काटा म्हणजे वेग दाखवणारा काटा. सरळ रस्त्यावर ज्या वेगाने आलो त्याच वेगाने वळलो, वाढवला नाही, तेव्हा चूक माझी नाही, असा त्याचा अर्थ. अपघातात सापडलेली वाहने आणि त्यांतला माल पाहून विमा कंपन्यांना अहवाल देणे हा माझा व्यवसाय आहे. न्हावा शेवा बंदराकडे कंटेनर नेणाऱ्या गाड्या पनवेलच्या चहूबाजूंनी धावतात आणि त्यांतल्या काही वळणांवर कलंडतात. कलंडलेल्या गाडीपाशी पोलीस आणि क्रेनवाला यांच्या मागोमाग मी पोहोचतो.

माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे. त्याचा मला या कामात उपयोग झाला त्यापेक्षा त्रास अधिक झाला, असे आता म्हणावेसे वाटते. कारण त्या वाक्यातली चूक मला ऐकवत नसे. वळण म्हणजे वर्तुळाचा तुकडा. वर्तुळावरून एकसारख्या वेगाने जाणारी वस्तूही प्रत्येक क्षणी दिशा बदलत असते, आणि ती दिशा आपोआप बदलत नाही. कुणाला तरी त्या वस्तूला सतत केंद्राकडे ओढत राहावे लागते. गोफणीतल्या दगडाला दोरी ओढते, ट्रेलरला टायर आणि डांबर यांची पकड ओढते. ती ओढ सुटली की वस्तू बाहेर फेकली जाते असे लोक समजतात. प्रत्यक्षात ती कुणी फेकत नाही. त्या क्षणी तिचे तोंड जिकडे असते तिकडे ती सरळ निघून जाते, इतकेच. वेग दुप्पट झाला तर लागणारी ओढ चौपट होते. काट्याला यातले काही ठाऊक नसते. तो फक्त किती ते सांगतो, कुठे ते सांगत नाही.

हे मी चालकांना सांगितले, हवालदारांना सांगितले, मालकांच्या कचेऱ्यांत कागदावर वर्तुळे काढून सांगितले. सगळे मान डोलवत आणि शेवटी विचारत, "म्हणजे स्पीड वाढवलाच होता ना त्याने?" एक क्रेनवाला तर मी बोलू लागलो की इंजिन बंद करून विडी पेटवत असे. विडी संपली की विचारी, "साहेब, तुमचं वर्तुळ पुरं झालं असेल तर गाडी उचलू का?"

घरीही मी जेवताना हेच बोलत असे. पत्नी वाढता वाढता म्हणे, "आज कुणाचा काटा?"

माझा आवाज मोठा नाही. मी कुणावर ओरडलो असे मला आठवत नाही. परंतु हळू आवाजात माणसाचे बोलणे मध्येच तोडणारा माणूस ओरडणाऱ्यापेक्षा सभ्य असतो, असा माझा जो समज होता, त्याविषयी हे लिहितो आहे.

गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका सकाळी गव्हाणच्या अलीकडल्या उजव्या वळणावर एक ट्रेलर डाव्या कुशीवर पडला. कंटेनरमध्ये जाड खाकी कागदाचे मोठाले रोल होते, एकावर एक असे दोन थर. चालक माझ्याच वयाचा, बावीस वर्षे ट्रेलर चालवणारा. तो गव्हाणचाच. बापाची होडी होती, मासेमारी होती. बंदरात काम मिळू लागले तेव्हा तो होडी भावाला देऊन गाडीवर चढला होता. त्याचे घर त्या वळणापासून पायी दहा मिनिटांवर, त्यामुळे मी पोहोचलो तेव्हा अर्धे गाव त्याची पडलेली गाडी पाहायला जमले होते, आणि त्यात त्याची बायकोही होती.

त्या आठवड्यातली ती माझी तिसरी गाडी.

"साहेब, काटा हलला नाय," तो म्हणाला. "तीसवर होता, तीसवरच रायला."

मी पेन बंद केले. "तोच तर तुमचा दोष आहे," मी म्हणालो. "तो वळणाआधी खाली यायला हवा होता. वळणावर तोच वेग ठेवणे म्हणजे काही न करणे नव्हे."

"ते हाय साहेब, पण गेटातनं निघतानाच गाडी वर..."

"गाडी वर नाही," मी म्हणालो, "गाडी आडवी आहे."

क्रेनवाला हसला. गावातले दोघेतिघे हसले. चालक हसला नाही आणि पुढे बोललाही नाही. मी त्याला वर्तुळ समजावून सांगितले. तो ऐकत होता, निदान माझ्याकडे पाहत होता. त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती.

नंतर कंटेनरचे सील तोडले. आत रोल एकमेकांवर कोसळून पडले होते. मी सवयीप्रमाणे चाळीसएक फोटो काढले. गाडीतल्या यंत्राची वेगनोंद मागवली: एकतीस, तीस, तीस, एकतीस. अहवालात मी लिहिले, "चालकाने वळणापूर्वी वाहनाचा वेग कमी केला नाही." हे वाक्य खोटे नव्हते. मला पुढे ज्याची लाज वाटली ते हेच, की त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मालकाने त्याला काढून टाकले. या भागातले गाडीमालक एकमेकांना ओळखतात. अहवालात ज्याचे नाव आले त्याला दुसरा कुणी गाडी देत नाही. हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही त्याचा विचार करणे हे माझे काम नाही, असे मी मानत होतो.

आठ महिन्यांनी एका रविवारी आम्ही दोघे नेऱ्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे जेवायला निघालो. पत्नीने दोन डबे घेतले होते. मोठ्या डब्यात वालाचे बिरडे आणि वरच्या लहान डब्यात सोलकढी. डबे मागच्या सीटवर एकावर एक ठेवून तिने खालच्याला सीटचा पट्टा लावला. मग ती म्हणाली, "वरचा डबा मी..."

"उशीर झालाय," मी म्हणालो. "बस आधी."

नेऱ्याच्या वाटेवर एक उजवे वळण आहे. मी ते सावकाश घेतले, निदान मला तसे वाटले. मागे काहीतरी दारावर आपटले आणि झाकण उघडल्याचा आवाज झाला. मी गाडी बाजूला घेतली. डाव्या दारावरून गुलाबी सोलकढी खाली ओघळत होती. सीटवर महिन्यापूर्वीच घातलेली पांढरी कव्हरे होती.

"अगं, मी वेग वाढवला नव्हता," मी म्हणालो. "तीसवरच होतो. काटा हललासुद्धा नाही."

हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडले आणि गाडीत घुमत राहिले, असे मला वाटले. पत्नीने मात्र त्याच्याकडे लक्ष दिले नाही. ती पर्समधून रुमाल काढत होती.

"काट्याचं काय घेऊन बसलात? वेगाबद्दल मी एक शब्द तरी बोलले का?" ती म्हणाली. "खालच्याला पट्टा होता, तो बसलाय जागेवर. वरच्याला नव्हता. वरचा डबा मी मांडीवर घेते, एवढंच सांगत होते निघताना. तुम्ही पुरं वाक्य ऐकाल तर ना."

"कधी नाही ऐकलं?"

"आजचं विचारताय की एकंदरीत?"

बहिणीच्या घरी मी फारसे बोललो नाही. बहीण म्हणाली, "सोलकढीचा नुसता वास आणलास होय रे?" सगळे हसले. जेवताना मला ते रोल दिसत होते. दोन थर होते. खालचा आणि वरचा.

संध्याकाळी घरी येऊन मी ते जुने फोटो उघडले. कंटेनरच्या आतल्या भिंतींवर माल बांधण्यासाठी कड्या असतात. खालच्या थराच्या कड्यांमध्ये पिवळ्या पट्ट्यांची तुटलेली टोके लोंबत होती. फोटोत ती अगदी स्पष्ट होती, मीच प्रकाश नीट घेऊन काढलेली. वरच्या थराच्या कड्या रिकाम्या होत्या. त्यांत टोक नव्हते, धागा नव्हता. बांधलेले पट्टे गाडी पडल्यावर तुटले असते तर खालच्यांसारखी त्यांचीही टोके राहिली असती. वरच्या थराला पट्टे कधी बांधलेच गेले नव्हते.

मग सारे इतके सरळ होते की मी पडद्यासमोर बसून स्वतःवरच चरफडलो. ट्रेलर वळला. खालचे रोल बांधलेले होते, पट्ट्यांनी त्यांना वळणात ओढून नेले. वरच्या रोलांना ओढणारे कुणी नव्हते. ते सरळ जात राहिले आणि त्यांच्याखालून गाडी उजवीकडे वळली. ते डाव्या भिंतीवर आदळले, उंचावरचे सगळे वजन एका बाजूला गेले आणि त्या वजनामागे गाडी गेली. ज्या वर्तुळाचे व्याख्यान मी त्या माणसाला दिले होते, ते त्याच्या पाठीमागे बंद पेटीत घडले होते. तीसचा वेग बांधलेल्या मालासाठी त्या वळणावर चालण्यासारखा होता. बावीस वर्षे तो तिथून तसाच गेला होता.

असे का झाले असावे, याची कल्पना मला होती. गोदामात खालचा थर बांधून होतो, तोवर जहाजाची वेळ जवळ येते, वरचा थर घाईने रचतात आणि दार लावून सील ठोकतात. चालकाच्या ताब्यात येते ती बंद पेटी. ती उघडण्याचा त्याला अधिकार नसतो.

दुसऱ्या दिवशी मी गव्हाणला गेलो. चालक अंगणात भावाचे जाळे सांधत बसला होता. त्याची बायको कोलंबी सोलत होती. तिने मला आधी ओळखले.

"अवो, ते वर्तुळवाले आलेत," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. मी बसलो आणि, कुठून सुरुवात करावी ते न सुचल्याने, सरळ विचारले, "त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होता. गेटातून निघतानाच गाडी वर, असं म्हणालात. पुढं काय होतं?"

त्याने हातातली गाठ आवळली. "वर जड वाटत होती," तो म्हणाला. "दुसरं काय. सीटवर बसलं का पाठीला कळतं. गाडी डुलतं ते येगळं डुलतं."

"मग गेटवर सांगितलं नाहीत?"

"सांगितला ना. गेटवाला बोलला, सील हाय, निघ. तुमाला सांगितला, तुमी बोललात, गाडी आडवी हाय."

"आमी सगली होतो तवा," बायको म्हणाली. "चांगला हसलात तुमी लोक."

मी फोटो दाखवले. रिकाम्या कड्या दाखवल्या. माझी चूक झाली, मला क्षमा करा, असे म्हणालो. मी हे वाक्य वाटेत तयार करून आणले होते आणि म्हणताना ते मलाच फार घडीव वाटले.

"माफी घेऊन मी काय करू, साहेब?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "माफी दाखवून कोन गाडी देतं का? तुमी लिवलं म्हनून गेली. आता लिवून द्या. तुमचं लिवलेलंच चालतं इथं."

"देतो," मी म्हणालो.

"आनि सोपं लिवा," त्याची बायको म्हणाली. "वर्तुळ नको त्यात."

लिहून देणे इतके अवघड असेल असे मला वाटले नव्हते. विमा कंपनीच्या कचेरीत तीन वेळा गेलो. तिथला अधिकारी माझ्या निम्म्या वयाचा, सौजन्यशील आणि अढळ.

"सर, तुमचं आधीचं वाक्य चुकीचं आहे का?" त्याने पहिल्या दिवशी विचारले.

"नाही."

"मग दुरुस्ती कशाची?"

"ते अपुरं आहे."

"अपुऱ्याला पुरवणी असते, सर. पुरवणीला नवा पुरावा लागतो. हे फोटो तर जुनेच आहेत. तुम्हीच काढलेले."

दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्तुळ काढून दाखवले. त्याने लक्षपूर्वक पाहिले आणि म्हटले, "म्हणजे ड्रायव्हरने स्पीड कमी केला नव्हता, हे तर खरंच ना?" मी पेन खिशात ठेवले. सत्तावीस वर्षे मी जगाला जे पटवू पाहत होतो, ते अखेर एका माणसाला पटले होते, आणि नेमके माझ्याविरुद्ध.

तिसऱ्या दिवशी मी घरून लिहूनच नेले. वरच्या थराला पट्टे नव्हते, हे अपघाताचे मुख्य कारण. वेग नेहमीचा होता. माल सुटा असल्याचे कळण्याचा मार्ग चालकाला नव्हता, तरीही त्याला शंका आली होती. ती त्याने गेटवर आणि माझ्यापाशी बोलून दाखवली होती. शेवटी लिहिले, "छायाचित्रे जुनीच आहेत. ती काढणाऱ्याने त्या वेळी ती नीट पाहिली नाहीत आणि चालकाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले नाही."

अधिकाऱ्याने ते दोनदा वाचले. "हे शेवटचं राहू द्यायचंय, सर? पुढं तुमच्या प्रत्येक अहवालावर कुणीतरी हे काढून दाखवेल."

"राहू द्या," मी म्हणालो. हे धैर्य होते असे मला वाटत नाही. ते वाक्य काढले असते तर कागद पुन्हा तसाच, खरा आणि अपुरा झाला असता.

त्यांनी तो दाखल करून घेतला. तेव्हापासून माझ्याकडे येणारी कामे कमी झाली आहेत. जुन्या मालकाने चालकाला परत घेतले नाहीच. दुसऱ्या एकाने त्या कागदाची प्रत पाहून त्याला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवले: काही तक्रार आली नाही तर कायम. चालकाने ती प्रत प्लास्टिकमध्ये बंद करून घेतली आणि गाडीत काचेपाशी ठेवली, असे त्यानेच मला सांगितले.

त्याने आणखी एक गोष्ट सुरू केली. सील लागण्याआधी कंटेनरच्या आतला फोटो पाहिल्याशिवाय तो गाडीला हात लावत नाही. गोदामातली माणसे कुरकुरतात, पण फोटो काढून देतात, आणि तो फोटो तो मला पाठवतो. मी हे करायला सांगितले नव्हते. मी त्याबद्दल तक्रार करू शकत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. दिवसाला एक, कधी दोन. अंघोळीच्या वेळी, जेवणाच्या वेळी. मी चष्मा लावून वरच्या कड्या मोजतो आणि "ठीक" असे लिहितो. पत्नी विचारते, "आले का पट्टे?"

बोलीचा तिसरा महिना चालू असताना एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास फोटो आला. यंत्रांच्या लाकडी पेट्या, दोन थर. खाली पट्टे होते, वर नव्हते. खाली लिहिले होते, "साहेब वर नाय. काय करू?"

मी लिहिले, "निघू नका." ते पाठवण्यासाठी बोट ठेवण्यापूर्वी मी थोडा थांबलो होतो. तक्रार आली तर त्याची नोकरी जाणार होती, माझी नाही.

पाच मिनिटांत, चालकाकडून माझा नंबर घेऊन, गोदामातून फोन आला. बोलणारा माणूस आधीच तापलेला होता. तुम्ही कोण, तुमचा संबंध काय, गेटवर रांग लागली आहे, जहाज थांबणार नाही, ड्रायव्हर खाली उतरून नुसता उभा आहे, त्याच्या मालकाला फोन करू का. माझ्या तोंडाशी दोनदा उत्तर आले आणि मी ते गिळले. तो बोलत राहिला.

"आणि काय होतंय हो?" तो शेवटी म्हणाला. "वीसने जाईल तो. सांगतो ना मी त्याला. वीसवर लावायचा आणि बंदर येईपर्यंत काटा हलू द्यायचा नाही. मग तर झालं?"

मी तो थांबेपर्यंत थांबलो. मग म्हणालो, "वरच्या पेट्यांना पट्टे बांधा. करा मालकाला फोन, आणि माझा नंबर द्या. वर पट्टे नाहीत हे पाहून मीच त्याला निघू दिलं नाही, असं मी लिहून देईन."

त्याने एक निःश्वास सोडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी खुर्ची ओढून बसलो. पत्नीने माझे ताट झाकून ठेवले.

दीड वाजता फोटो आला. वर पिवळे पट्टे, ओळीने. मी ते मोठे करून पाहिले आणि लिहिले, "डावीकडचा तिसरा सैल आहे."

उत्तर यायला वेळ लागला.

"तो आवळला फोटो काढल्यावर," त्याने लिहिले होते. "निघालो मी. तुमी जेवा आता."